थॅडियस स्टीव्हन्स यांचें चरित्र

अब्राहाम लिंकन यांचें नांव आमच्या शाळेंतील लहान वर्गांच्या मुलांसहि ठाऊक असतें. गुलामांस मुक्त करणारा थोर पुरुष म्हणून त्यांची तसबीर पुष्कळ शाळांच्या भिंतींवर दिसते, आणि ती असावी हें योग्यच आहे. परंतु लढाईच्या धामधुमींत अध्यक्षानें काढलेला जाहीरनामा निराळा, आणि पुढच्या पिढीस सहजासहजीं मोडतां येऊं नये अशा रीतीनें राज्यघटनेंत गोंवून ठेविलेला कायदा निराळा. हें दुसरें काम ज्यांनीं वाद घालून, मतें मोजून, शत्रु जोडून व अखेर देह झिजवून केलें, त्यांत पेन्सिल्व्हानिया प्रांताचे वकील व लोकप्रतिनिधि थॅडियस स्टीव्हन्स हे अग्रगण्य होते. त्यांचें चरित्र यंदाच्या अंकांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. या चरित्रांत निर्मळ साधुत्व शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल, हें आधींच सांगून ठेवितों.

व्हरमाँट हा अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील डोंगराळ व अतिशय थंड प्रांत. तेथील डॅनव्हिल गांवीं ४ एप्रिल १७९२ रोजीं थॅडियसचा जन्म झाला. त्याचें एक पाऊल जन्मतःच वांकडें होतें, व तो आमरण लंगडत चालला. थोरल्या भावाचीं तर दोन्ही पावलें तशींच होतीं. बाप जोडे शिवण्याचा धंदा व थोडी शेती करी. पण त्याचें मन संसारांत नव्हतें, आणि बायको व चार मुलगे यांस टाकून तो निघून गेला. आई सारा ही बाप्तिस्ट मंडळीची सभासद, फार श्रद्धाळु व तितकीच कष्टाळु बाई. लंगड्या मुलाच्या हातून शेत होणार नाहीं, तेव्हां यास विद्याच दिली पाहिजे, असें तिच्या मनानें घेतलें. पीचम या जवळच्या गांवीं चांगली शाळा होती. तेवढ्यासाठीं तिनें बिऱ्हाड पीचमला हालविलें, आणि स्वतः राबून मुलास शिकविलें. आमच्या वसतिगृहाच्या दाराशीं मुलाचा हात धरून उभ्या राहणाऱ्या कित्येक माउली येथें आमच्या डोळ्यांपुढें येतात. त्यांस पीचम कोठें आहे हें ठाऊक नाहीं; पण सारा स्टीव्हन्सची ओळख त्यांस करून देण्याची गरज पडणार नाहीं.

१८१४ सालीं डार्टमथ कॉलेजांतून पदवी घेऊन हा तरुण पुढील वर्षीं पेन्सिल्व्हानियांतील यॉर्क गांवीं शाळामास्तर झाला. दिवसां मुलांस शिकवावें व उरलेल्या वेळांत कायद्याचीं पुस्तकें वाचावीं, असा त्याचा क्रम असे. तेथील वकीलमंडळींस हा परका मास्तर आपल्या पंक्तीस नको होता. त्यांनीं असा नियम केला कीं, कायद्याचा अभ्यास चालू असतां ज्यानें दुसरा धंदा केला असेल त्यास सनद मिळूं नये. मास्तरांनीं भांडत बसण्यांत वेळ घालविला नाहीं. शेजारच्या मेरीलँड प्रांतांतील बेल एअर गांवीं जाऊन त्यांनीं १८१६ सालीं परीक्षा दिली, सनद मिळविली, आणि पेन्सिल्व्हानियांतच गेटिसबर्ग येथें वकिली मांडली. मास्तरकी ही वकिलीची पायरी म्हणून किती जणांनीं वापरली हें आम्हां मास्तरांस चांगलें माहीत आहे. हा मास्तर मात्र वर चढल्यावर शाळेस विसरला नाहीं, हें पुढें दिसेल.

गेटिसबर्ग हें मेरीलँडच्या सरहद्दीपासून थोड्याच मैलांवर. सरहद्दीपलीकडे गुलामगिरी कायदेशीर. अलीकडे पेन्सिल्व्हानियांत ती क्रमाक्रमानें बंद करण्याचा कायदा १७८० सालींच झालेला. परप्रांतांतील धन्यानें आपला गुलाम पेन्सिल्व्हानियांत सहा महिन्यांहून अधिक ठेविला तर तो मुक्त होई. चॅरिटी बटलर नांवाच्या स्त्रीनें याच आधारावर स्वतःच्या व मुलांच्या मुक्ततेसाठीं दावा लावला. धन्याच्या कुटुंबाबरोबर ती पेन्सिल्व्हानियांत वेळोवेळीं येऊन राहिलेली होती, आणि ते सर्व दिवस एकत्र मिळविले तर मुदत भरत होती. स्टीव्हन्स यांनीं वकीलपत्र घेतलें तें मालकाच्या बाजूचें. सहा महिने सलग भरले पाहिजेत, तुकडे जोडून चालणार नाहीं, असा युक्तिवाद करून त्यांनीं १८२१ सालीं प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयांत दावा जिंकला. चॅरिटी व तिचीं मुलें गुलामगिरींतच राहिलीं.

ही हकीकत गाळली असती तर चरित्र अधिक गोड झालें असतें. पण चॅरिटी बटलर ही कोणाच्या तरी चरित्रांतील अडचण नव्हती. ती एक आई होती, आणि ज्याच्या आईनें त्याच्यासाठीं एवढे कष्ट उपसले त्याच माणसाच्या बुद्धीनें तिचा पराभव केला. तिचें नांव येथें न घेणें आम्हांस बरें वाटेना. त्यानंतर स्टीव्हन्स यांची वकिली उलट दिशेनें वळली. पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनें ते न्यायालयांत उभे राहूं लागले, आणि पुष्कळदां फी न घेतां. तरी चॅरिटीस त्याचा कांहींच उपयोग झाला नाहीं, हेंहि खरें.

१८३३ सालीं ते प्रांताच्या प्रतिनिधिसभेंत निवडून आले. त्यांचा पक्ष फ्रीमेसन लोकांच्या गुप्त संघाविरुद्ध निघालेला होता. त्या वादांत त्यांनीं दाखविलेला कडवेपणा आज वाचतांना कंटाळा येतो, म्हणून तो विषय सोडून शाळेच्या कायद्याकडे वळूं.

पेन्सिल्व्हानियांत १८०९ चा एक कायदा होता. ज्या बापास मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेंपत नसेल त्यानें कर आकारणाऱ्या अंमलदाराकडे गरीब म्हणून नांव नोंदवावें, म्हणजे त्या मुलांची फी सरकारांतून मिळे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मानी बाप नांव नोंदवीना व त्याचीं मुलें अडाणी राहत. जो नोंदवी त्याच्या मुलांच्या कपाळीं दारिद्र्याचा शिक्का बसे. १८३४ सालीं गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांच्या कारकीर्दींत हा प्रकार बंद होऊन, सर्वांच्या करांतून सर्व मुलांसाठीं मोफत शाळा काढण्याचा कायदा झाला. कायदा झाला मात्र, आणि चहूंकडे ओरड सुरू झाली. ज्यांस मुलें नव्हतीं त्यांस दुसऱ्याच्या मुलांसाठीं कर देणें जुलमाचें वाटलें. जर्मन वस्तींतील पुष्कळांस आपली भाषा व आपल्या मंडळ्यांच्या शाळा बुडतील अशी धास्ती पडली. रद्द करा, रद्द करा, असे अर्ज ढिगांनीं आले. पुढच्याच सालीं वरिष्ठ सभेनें कायदा रद्द करण्याच्या बाजूनें मत दिलें, आणि कनिष्ठ सभाहि तेंच करणार असें सर्वजण धरून चालले. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या मतदारांचा ओढाहि तिकडेच होता.

११ एप्रिल १८३५ रोजीं ते बोलावयास उठले. त्यांच्या भाषणाचा आशय थोडक्यांत देतों. जुनी पद्धति परत आणावयाची असेल तर तिला गरिबांस डाग देऊन ओळखण्याचा कायदा असें सरळ नांव द्या, असा त्यांनीं टोला मारला. मग ते कराकडे वळले. सुखवस्तु शेतकरी फौजदारी कोर्टें, तुरुंग व शेरीफ यांच्यासाठीं दरसाल कर भरतो. त्यास स्वतःस तुरुंगाचा उपयोग कधीं होणार नसतो, तरी तो कुरकुर करीत नाहीं. गुन्हेगारास शिक्षा करण्याचा खर्च तो आनंदानें देतो. शेजाऱ्याचा मुलगा गुन्हेगार होऊं नये म्हणून जो खर्च, तेवढाच त्यास जाचतो! गव्हर्नर वुल्फ हे विरुद्ध पक्षाचे व शिवाय मेसन, म्हणजे स्टीव्हन्स यांचे दुहेरी वैरी. पण या एका बाबतींत आपल्या पक्षानें वुल्फ यांच्या मागून जावें, असें त्यांनीं भर सभेंत सांगितलें. मतें घेतलीं तेव्हां कनिष्ठ सभेनें कायदा राखला, आणि वरिष्ठ सभेनेंहि आपला निर्णय फिरविला. बोलणारा गृहस्थ अविवाहित होता. त्या शाळांत पाठविण्यास त्याच्या घरीं एकहि मूल नव्हतें. पुढील सर्व मोठ्या कामांपेक्षां या एका दिवसाच्या कामाचें त्यांस स्वतःस फार समाधान वाटे. आम्हां शाळेच्या लोकांसहि तसें वाटलें तर वाचकांनीं तो आमचा पक्षपात समजून सोडून द्यावा.

१८३७-३८ सालीं प्रांताची घटना नव्यानें लिहिण्यासाठीं परिषद भरली. तींत मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांस ठेवावा असें बहुमतानें ठरलें, व पूर्वीं मत देणाऱ्या कृष्णवर्णी लोकांचा हक्क गेला. स्टीव्हन्स यांनीं त्या घटनेवर सही करण्याचें नाकारलें. मात्र १८३८ च्या निवडणुकीच्या भांडणांत त्यांच्या पक्षानें केलेल्या खटपटी शोभण्यासारख्या नव्हत्या. सभागृहांत दंगा झाला, आणि आमच्या चरित्रनायकास खिडकींतून उडी टाकून पळावें लागलें. लोखंडाच्या कारखान्यांत घातलेला पैसा बुडून कर्जाचा डोंगर झाला, म्हणून १८४२ सालीं ते लँकेस्टर या मोठ्या शहरीं गेले, आणि वकिलीच्या बळावर हळूहळू कर्जांतून वर आले.

लँकेस्टर येथें त्यांच्या घरचा कारभार लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवर्णी बाई पाहूं लागल्या, व स्टीव्हन्स यांच्या मरणापर्यंत पाहत राहिल्या. यावरून शत्रूंनीं पुष्कळ वाईट बोलून घेतलें. ज्या काळांत गोरे लोक अशा बाईस नुसत्या नांवानें हांक मारीत, त्या काळांत स्टीव्हन्स तिला मिसेस स्मिथ म्हणत व घरच्यांसहि तसेंच म्हणावयास लावीत, एवढें आम्ही सांगतों.

सप्टेंबर १८५१ मध्यें लँकेस्टर जिल्ह्यांतील क्रिस्तियाना गांवीं एक मेरीलँडचा जमीनदार पळालेले गुलाम धरण्यास आला. गुलामांनीं व त्यांच्या शेजाऱ्यांनीं प्रतिकार केला, व जमीनदार मारला गेला. सरकारनें तीसांहून अधिक लोकांवर राष्ट्रद्रोहाचा खटला भरला. कां, तर त्यांनीं गुलाम पकडण्याचा १८५० चा कायदा मोडला! पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे हा गोरा गिरणीवाला होता. त्याचा दोष एवढाच कीं, गुलाम धरण्यास मदत करण्याचें त्यानें नाकारलें. स्टीव्हन्स हे त्याच्या वकिलांपैकीं एक होते. फिलाडेल्फियांतील ज्या इमारतींत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच इमारतींत हा खटला चालला, आणि ज्यूरीनें सुमारें पाव तासांत हॅनवे यास निर्दोष ठरविलें. बाकीच्यांवरील राष्ट्रद्रोहाचे खटलेहि मग सोडून द्यावे लागले.

राष्ट्राच्या काँग्रेसमध्यें ते प्रथम १८४९ ते १८५३ पर्यंत होते, आणि १८५९ सालीं नव्या रिपब्लिकन पक्षातर्फे पुन्हां गेले. लढाई सुरू झाली तेव्हां त्यांचें वय एकोणसत्तर होतें. प्रतिनिधिसभेच्या अर्थसमितीचे ते अध्यक्ष झाले, म्हणजे लाखों सैनिकांचें अन्न, बंदुका व पगार यांसाठीं पैसा उभा करण्याचें ओझें त्यांच्या डोक्यावर आलें. १८६२ सालीं कागदी चलन काढण्याचा कायदा त्यांनींच सभेंतून पार पाडला. जून १८६३ मध्यें, गेटिसबर्गच्या रणसंग्रामापूर्वीं थोडेच दिवस, दक्षिणेच्या फौजेचा सेनापति जुबल अर्ली यानें त्यांचा कॅलिडोनिया येथील लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळून टाकला. स्टीव्हन्स यांस चिंता पडली ती काम गेलेल्या मजुरांच्या बायकामुलांची.

लिंकन यांची चाल त्यांस मंद वाटे, व तें ते बोलून दाखवीत. त्यांची जीभ फार तिखट होती. आजारपणांत केंस गेल्यामुळें ते डोक्यास केसांचा टोप घालीत, आणि तो कधीं नीट बसत नसे. एका भक्तिमान बाईनें आठवण म्हणून त्यांच्या केसांची बट मागितली, तेव्हां त्यांनीं सगळा टोपच काढून तिच्या हातीं दिला, अशी गोष्ट सांगतात. मद्य त्यांनीं तरुणपणींच वर्ज्य केलें होतें. पण जुगाराचा नाद सुटला नाहीं. कोणत्याहि मंडळीचे ते सभासद नव्हते. एका रात्रीं जुगाराच्या अड्ड्याबाहेर एका कृष्णवर्णी उपदेशकानें उपासनामंदिरासाठीं वर्गणी मागितली, व त्यांनीं नुकतीच जिंकलेली मोठी नोट तशीच त्यास देऊन टाकली, अशीहि एक आख्यायिका आहे. ती खरी असल्यास त्या पाळकानें काय करावयास हवें होतें, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलींत एकमत होण्याचा संभव नाहीं.

३१ जानेवारी १८६५ रोजीं गुलामगिरी कायमची नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ति प्रतिनिधिसभेंत ११९ विरुद्ध ५६ मतांनीं मंजूर झाली. येथें आमच्या महाराष्ट्राचा एक खरा धागा जुळतो. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेलें आपलें गुलामगिरी हें पुस्तक, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलेलें आहे. त्या अर्पणपत्रिकेंत स्टीव्हन्स यांचें नांव नाहीं. पण त्या सज्जनांच्या पहिल्या रांगेंत त्यांचें आसन आहे, यांत संशय नाहीं.

एप्रिलांत लिंकन यांचा वध झाला, आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. दक्षिणेंतील प्रांतांनीं लागलीच नवे कायदे केले. मुक्त झालेल्या माणसापाशीं मजुरीचा करार नसेल तर त्यास भटक्या ठरवून दंड करावा, आणि दंड न भरल्यास त्याची मजुरी विकावी, अशा तऱ्हेचे ते कायदे होते. दारांतून घालविलेली गुलामगिरी खिडकींतून आंत येऊं लागली, आणि जॉन्सनसाहेबांस त्यांत कांहीं वावगें दिसेना. त्याच प्रांतांचे प्रतिनिधि डिसेंबरांत काँग्रेसमध्यें बसावयास आले. स्टीव्हन्स यांनीं आधींच योजना करून ठेविली होती. सभेच्या चिटणिसानें नांवें पुकारतांना त्यांचीं नांवें गाळलीं, आणि ते बाहेरच राहिले.

मग चौदावी घटनादुरुस्ति आली. देशांत जन्मलेला प्रत्येक मनुष्य नागरिक, आणि कोणत्याहि प्रांतानें कोणासहि कायद्याचें समान संरक्षण नाकारूं नये, हें तिचें सार. स्टीव्हन्स यांस याहून पुष्कळ अधिक पाहिजे होतें. मताधिकार तींत सरळ दिलेला नव्हता. जो प्रांत मत नाकारील त्याचे प्रतिनिधि कमी होतील, एवढीच तडजोड होती. १३ जून १८६६ रोजीं शेवटचें मतदान होण्यापूर्वीं हा चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा उठला. माणसामाणसांतील सर्व भेद पुसून टाकणारी घटना आपल्या हयातींत होईल हें तरुणपणापासूनचें स्वप्न होतें, तें भंगलें, असें त्यानें उघड सांगितलें. जुन्या इमारतीच्या कुजक्या भागाची डागडुजी करण्यावरच आतां समाधान मानावें लागत आहे. तरी आपण हें स्वीकारतों, कारण आपण देवदूतांत राहत नाहीं, माणसांत राहतों, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. तडजोड करणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तडजोडीस पूर्ण विजय न म्हणतां, ती अर्धीच आहे असें सांगून तिला मत देणारीं विरळा.

भारताच्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदांत कायद्याच्या समान संरक्षणाचें जें वचन आहे, त्याची शब्दयोजना याच दुरुस्तीवरून घेतलेली आहे. दोहोंचा अनुक्रम चौदाच यावा हा निव्वळ योगायोग.

एका बाबतींत त्यांस अर्धेंहि मिळालें नाहीं. नुसतें स्वातंत्र्य देऊन भूमिहीन माणूस स्वतंत्र होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. बंडखोर बड्या जमीनदारांची जमीन सरकारजमा करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषास चाळीस एकर द्यावे, असें त्यांनीं सप्टेंबर १८६५ मध्यें लँकेस्टर येथें मांडलें, व काँग्रेसमध्यें पुनःपुन्हां आणलें. त्यांच्या स्वतःच्या पक्षानेंहि साथ दिली नाहीं. खाजगी मालमत्तेस हात लावण्याची उत्तरेच्या व्यापाऱ्यांसहि भीति वाटली. मुक्त झालेले लोक जुन्या धन्यांच्याच शेतांवर अर्धेलीनें राबत राहिले, आणि ज्याच्या हातीं जमीन त्याच्या हातीं पुढें मतपेटीहि गेली.

जॉन्सन यांच्याशीं झगडा विकोपास जाऊन २४ फेब्रुवारी १८६८ रोजीं प्रतिनिधिसभेनें अध्यक्षावर महाभियोग ठेविला. अमेरिकेच्या इतिहासांतील असा हा पहिलाच प्रसंग. स्टीव्हन्स त्या वेळीं इतके थकलेले होते कीं, त्यांस खुर्चींत बसवून सभागृहांत उचलून न्यावें लागे. १६ मे रोजीं वरिष्ठ सभेंत ३५ विरुद्ध १९ मतें पडलीं. दोन तृतीयांशांस एक मत कमी पडलें, व जॉन्सन सुटले. आमच्या मतें आरोपपत्र कायद्याच्या दृष्टीनें लंगडेंच होतें, आणि उत्तम वकील असून स्टीव्हन्स यांनीं रागाच्या भरांत तें पुढें रेटलें.

त्याच जुलईंत चौदावी दुरुस्ति अंमलांत आली, आणि ११ ऑगस्ट १८६८ च्या मध्यरात्रीं वॉशिंग्टन येथें त्यांनीं प्राण सोडला. त्या दिवशीं कृष्णवर्णी पाळकांनीं त्यांच्या बिछान्याशीं प्रार्थना केली, आणि शेवटीं एका कॅथलिक धर्मभगिनीनें त्यांस बाप्तिस्मा दिला. मिसेस स्मिथ जवळच होत्या. त्यांचें शव काँग्रेसच्या घुमटाखालीं ठेविलें होतें. हा मान त्यापूर्वीं हेन्री क्ले व लिंकन या दोघांसच मिळाला होता. पहाऱ्यास कृष्णवर्णी शिपाई उभे होते. लँकेस्टरच्या त्यांच्या पक्षाच्या मतदारांनीं तर मरणानंतरहि त्यांचेंच नांव उमेदवार म्हणून दिलें.

त्यांच्या मागें त्यांची कीर्ति फार मलिन करण्यांत आली. १९१५ सालच्या एका प्रसिद्ध अमेरिकन चित्रपटांत त्यांच्यावरून बेतलेलें पात्र दुष्ट व हास्यास्पद दाखविलें आहे. पुष्कळ वर्षें न्यायालयांनींहि चौदाव्या दुरुस्तीचा जीव काढून घेतला होता. १८९६ सालीं गोऱ्यांच्या व काळ्यांच्या सोयी वेगळ्या ठेवण्यास परवानगी मिळाली. १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक शाळांतून वर्णावरून मुलें वेगळीं बसविणें हें त्याच समान संरक्षणाच्या कलमाविरुद्ध ठरविलें. १८३५ ची शाळा आणि १८६६ चें कलम यांची गांठ अशी त्या कलमानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं त्या निकालांत पडली.

लँकेस्टर येथील मोठ्या स्मशानभूमींत त्यांनीं जागा घेतली होती. पण तेथें फक्त गोऱ्यांसच पुरतात असें कळल्यावर ती परत करून, असा भेद नसलेल्या एका लहान स्मशानांत त्यांनीं आपली जागा ठरविली, व तसें निवडण्याचें कारण थडग्यावर कोरावयास सांगितलें. मृत्युपत्रांत मिसेस स्मिथ यांस पांच हजार डॉलर ठेविले. त्या बाईंनीं पुढें तें राहतें घरच विकत घेतलें. पुतण्यानें पंधरा वर्षें मद्य वर्ज्य केलें तर इस्टेट त्याची, नाहीं तर अनाथ मुलांसाठीं आश्रम काढावा, आणि तेथें वर्ण किंवा जन्म न पाहतां सर्व मुलांनीं एकाच टेबलाशीं जेवावें, अशी अट होती. पुतण्याकडून तें व्रत पाळलें गेलें नाहीं. बराच काळ कोर्टकचेऱ्या होऊन १९०५ सालीं लँकेस्टर येथें त्यांच्या नांवाची औद्योगिक शाळा निघाली. आज ती तांत्रिक शिक्षणाचें कॉलेज आहे, व गरीब मुलें तेथें सुतारकाम, यंत्रकाम वगैरे शिकतात. आणखी पांचशें डॉलर त्यांनीं पीचमच्या स्मशानासाठीं ठेविले. त्यांच्या व्याजांतून आईच्या थडग्याची निगा राखावी, आणि दर वसंतऋतूंत त्याच्या चारी कोपऱ्यांवर गुलाब व दुसरीं आनंदी फुलें लावावीं, असें त्यांत लिहिलें आहे.